बल्लारोच्या बाजारात ‘बल्हरा’ शोधताना

पालेर्मो ही सिसिली बेटाची राजधानी. तिथे बल्लारो नावाचा एक बाजार आहे. अरब राजवटीपासून तो भरत आला आहे, असे मानतात. या बाजाराच्या नावात दख्खनचा एक सम्राट दडला आहे, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. अरबी ग्रंथांतला ‘बल्हरा’ म्हणजे राष्ट्रकूट राजा. त्याच्या मुलखाकडून आलेले मसाले जिथे विकले जात तो ‘सूक अल-बल्हरा’, आणि त्याचेच पुढे ‘बल्लारो’ झाले.

दावा मोठा आहे. एका मराठी मुलीने पालेर्मोतल्या आपल्या पहिल्याच दिवशी, पायी फिरून, तो जोखून पाहिला. त्या दिवसाची ही हकिगत. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

ती नालासोपाऱ्याची. जर्मनीत शिकते, शिष्यवृत्ती बेताची आहे. फेब्रुवारीतल्या सुट्टीत नेपल्सहून पालेर्मोला जाताना तिने रात्रीची बोट निवडली, कारण उघड आहे: प्रवास आणि मुक्काम एकाच तिकिटात. खोली नाही, बसायची खुर्ची. रात्रभर मान अवघडली, पण पहाटे डेकवर आल्यावर उजव्या हाताला माँते पेल्लेग्रीनोचा उघडा कातळ आणि समोर अर्धवर्तुळाकार खाडी दिसली, तेव्हा ग्रीकांनी या जागेला ‘पानोर्मोस’ म्हणजे ‘सगळेच बंदर’ असे नाव का दिले, हे तिला पुस्तकाविना कळले. गाव वसवले होते फिनिशियनांनी, नाव ठेवले ग्रीकांनी, अरबांनी त्याचे ‘बलर्म’ केले आणि आज ते पालेर्मो आहे.

त्या दिवसासाठी तिने वीस युरो बाजूला काढले होते. शिवाय एक काम अंगावर होते. ती ज्या इतिहासप्रेमी गटात आहे, त्यात काही महिन्यांपूर्वी ‘इटलीत मराठी सम्राटाच्या नावाचा बाजार!’ असा मजकूर फिरला होता. ती पालेर्मोला निघाली हे कळताच सगळ्यांनी गळ घातली: पाटीचे छायाचित्र काढ, आणि तूच सविस्तर लिही. तिने होकार दिला होता.

आता आधी ‘बल्हरा’ कोण, ते पाहू.

इ.स. ८५१ च्या सुमारास चीन-हिंदच्या प्रवासवर्णनांचा एक अरबी संग्रह तयार झाला. व्यापारी सुलैमान याचे नाव त्याच्याशी जोडले जाते. त्यात म्हटले आहे की जगात चार मोठे राजे मानले जातात: अरबांचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि हिंदचा बल्हरा. इराणात जसे ‘खुस्रो’, तसे हे व्यक्तीचे नाव नसून पदाचे नाव आहे, असेही तो ग्रंथ सांगतो. राष्ट्रकूट राजे ‘वल्लभ’, ‘पृथ्वीवल्लभ’ अशी बिरुदे लावत. ‘वल्लभराज’चे प्राकृत रूप झाले ‘बल्लहराय’, आणि अरबी कानांनी ते ‘बल्हरा’ असे टिपले. ८५१ साली त्या गादीवर अमोघवर्ष होता.

अरबांना हा राजा प्रिय होता, कारण त्याच्या राज्यात त्यांच्या व्यापाराला संरक्षण होते. इ.स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी चौलला येऊन गेला. अरबी ग्रंथांत चौलचे नाव ‘सैमूर’. तिथे त्याने सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती नोंदवली आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक. आणि ही केवळ परक्या प्रवाशांची बढाई नव्हे. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या इ.स. ९२६ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात संजाण प्रांताचा अधिकारी म्हणून ‘मधुमती’ नावाचा ताजिक येतो. ताजिक म्हणजे अरब. मधुमती म्हणजे मुहम्मद. संस्कृत लेखकाने त्या नावाला किती गोड रूप दिले आहे, पाहा.

एक खुलासा मात्र इथेच करायला हवा. राष्ट्रकूटांना सरसकट ‘मराठी सम्राट’ म्हणणे बरोबर नाही. ते स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत आणि ते लट्टलूर म्हणजे लातूर असे मानतात, वेरूळचे कैलास लेणे त्यांचेच, हे खरे. पण त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड, कर्नाटकात. कन्नडमधला ‘कविराजमार्ग’ अमोघवर्षाच्याच दरबारातला. त्या काळी आजच्या राज्यांच्या सीमा नव्हत्या, त्यामुळे हा वाद त्या राजांना कळलाही नसता.

सकाळी आठच्या सुमारास ती व्हिया माक्वेदाने चालत क्वात्रो कांतीच्या चौकात आली. सतराव्या शतकातला चौक. चारी कोपऱ्यांवर ऋतू, राजे आणि संत एकावर एक मांडलेले. लोक तिथे माना वर करून उभे असतात. ती मात्र जमिनीकडे पाहत होती, कारण माक्वेदाला छेदून जाणारा रस्ता ‘कास्सारो’. तो शब्द अरबी ‘अल-कस्र’ म्हणजे किल्ला, यातून आला आहे. समुद्राकडचा ‘काल्सा’ हा मोहल्ला म्हणजे ‘अल-खालिसा’. ८३१ ते १०७२ अशी अडीचशे वर्षे इथे अरब सत्ता होती. त्या काळच्या इमारती आज जवळजवळ नाहीत. शब्द मात्र जागोजागी आहेत.

म्हणूनच बल्लारोच्या नावाविषयी तिची उत्सुकता रास्त होती. शब्द इथे खरोखरच पुरावा देतात.

बल्लारोत शिरल्यावर प्रथम कान भरतात. विक्रेत्यांच्या आरोळ्यांना सिसिलियन बोलीत ‘अब्बान्नियाता’ म्हणतात. ओरडणे आणि गाणे यांच्या मधला प्रकार. ताडपत्र्यांच्या लालसर सावलीत आर्टिचोकचे ढीग, बडीशेपेचे पांढरे गड्डे, संत्री, वाळवलेले टोमॅटो, कापून ठेवलेला तलवार मासा. एका दुकानात हळद, धने, जिरे, मिरी गोणीत मांडून एक बांगलादेशी गृहस्थ बसले होते. बल्लारोत आज बांगलादेशी आणि पश्चिम आफ्रिकी मंडळींची बरीच दुकाने आहेत. तिने मोडक्या हिंदीत विचारले, या बाजाराचे नाव कुठून आले? ते हसले. “दीदी, मैं भी बाहर से आया हूँ,” म्हणाले, आणि शेजारच्या म्हाताऱ्या भाजीवाल्याला इटालियनमध्ये विचारले. त्याने हात झटकून उत्तर दिले. त्याचा सारांश असा, की नाव अरबांचे आहे, आणखी काय हवे?

आणखी हवे होतेच. या नावाची दुसरी व्युत्पत्ती तिला आधीपासून ठाऊक होती. गटातल्या मजकुरात ती नव्हती, इतकेच. पालेर्मोच्या वरच्या अंगाला, आजच्या मोनरेआलेजवळ, अरबकाळात बल्हरा नावाचे एक गाव होते. तिथले लोक आपला माल घेऊन या बाजारात येत, म्हणून तो बल्हराचा बाजार. यात सम्राट नाही, मसाले नाहीत, अरबी समुद्र नाही. आहेत ती काही मैलांवरून खेचरावर लादून आणलेली भाजी आणि फळे.

दोन्हींत अधिक संभवनीय कोणती? कालगणना दख्खनच्या बाजूने आडवी येत नाही: राष्ट्रकूट ७५३ ते ९७३, सिसिलीतले अरब ८३१ ते १०७२. मसालेही खरेच येत. लाल समुद्र, कैरो, अलेक्झांड्रिया आणि तिथून सिसिली, असा मार्ग होता. इब्न हौकल हा प्रवासी ९७३ च्या सुमारास पालेर्मोत होता. त्याने इथल्या बाजारांची जी यादी दिली आहे, तीत तेली, सराफ, लोहार यांच्यासोबत अत्तारही आहेत. पण मसाल्यांत सर्वांत मोलाची मिरी मलबारची, राष्ट्रकूटांच्या मुलखातली नव्हे. आणि बाजारांना नावे पडतात ती सहसा मालावरून किंवा माल आणणाऱ्यांच्या गावावरून. पालेर्मोतलाच दुसरा प्रसिद्ध बाजार ‘वुच्चीरिया’ म्हणजे फ्रेंच ‘बूशेरी’, खाटकांचा बाजार. हजारो मैलांवरच्या राजाच्या बिरुदावरून मंडईला नाव पडणे अशक्य नाही. पण हाकेच्या अंतरावर त्याच नावाचे गाव असताना तसे मानायला काहीतरी लेखी आधार हवा. गावाचे पारडे जड आहे.

(इब्न हौकलबद्दल एक गंमत. त्याला पालेर्मोचे लोक मंद वाटले आणि त्याचे कारण त्याने असे दिले की हे लोक सकाळ-संध्याकाळ कच्चा कांदा खातात. आणि योगायोग असा की ज्या ९७३ साली तो इथे होता, त्याच साली तिकडे तैलपाने राष्ट्रकूट सत्ता संपवली. ‘बल्हरा’ पदाचा खरा मालक तेव्हाच इतिहासजमा झाला.)

पाटीचे छायाचित्र तिने काढले. पण गटाला लगेच पाठवले नाही.

भूक लागली होती. बल्लारोत स्वस्तात पोट भरण्याचे दोन राजमार्ग आहेत. एक ‘पानेल्ले’: हरभऱ्याचे पीठ पिठल्यासारखे घोटून शिजवायचे, थापून गार करायचे, वड्या पाडून तळायच्या आणि तीळ लावलेल्या पावात घालून खायच्या. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दुसरा ‘आरांचिना’: केशरी भाताचा, आत सारण भरून तळलेला गोळा. पालेर्मोत हा शब्द स्त्रीलिंगी आणि कातानियात पुल्लिंगी, ‘आरांचिनो’. यावरून दोन्ही शहरांत भांडणे होतात, तेव्हा जिथे असाल तिथले लिंग वापरावे.

तिने पालकाचे सारण असलेली आरांचिना घेतली. ‘आरांचिना’ म्हणजे छोटे संत्रे, आकारावरून आणि रंगावरून. संत्र्याला इटालियनमध्ये ‘आरांचा’. तो शब्द अरबी ‘नारंज’वरून, अरबांनी तो घेतला फारसीतून, फारसीने संस्कृत ‘नारङ्ग’वरून, आणि त्याचेही मूळ बहुधा एखाद्या द्रविड भाषेत. शेजारच्या टोपलीतले वांगे, इटालियन ‘मेलांझाना’. त्याच्या पोटात अरबी ‘बादिंजान’ आहे. साखरेला ‘झुक्केरो’, अरबी ‘सुक्कर’, संस्कृत ‘शर्करा’. ऊस, लिंबे, आंबट संत्री सिसिलीत रुजवली ती अरबांनी, आणि त्यांच्या विहिरी, हौद, पाट यांचे शब्दही इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी राहिले. बाजाराच्या नावात दख्खन असो वा नसो, त्याच्या टोपल्यांत दक्षिण आशिया भरलेला होता. याला ताम्रपट लागत नाही, शब्दकोश पुरतो.

दुपारी ती कॅथीड्रलला गेली. आतल्या राजसमाधी पाहायला तिकीट आहे. दुसरा रॉजर आणि फ्रेडरिक दुसरा तिथे तांबड्या पोर्फिरी दगडाच्या पेट्यांत विसावले आहेत. फुकट पाहायचे असेल तर दक्षिणेच्या देवडीतला डावीकडचा खांब पाहावा. ११८५ साली उभारलेल्या ख्रिस्ती देवळाच्या दाराशी कुराणातली आयत कोरलेली आहे, सातव्या सुऱ्यातली चौपन्नावी. खांब जुना, जिथल्या तिथे पुन्हा वापरलेला. या जागी आधी मशीद होती, तिच्याआधी चर्च. त्या मशिदीत ॲरिस्टॉटलची शवपेटी टांगलेली आहे असे लोक सांगत, आणि पाऊस पडेना झाला की तिच्यापाशी प्रार्थना करत, हेही इब्न हौकलनेच नोंदवले आहे. थोर नाव आपल्या गावात असावे ही हौस फार जुनी आहे.

मग पैशांचा प्रश्न आला. नॉर्मन राजवाडा आणि त्यातले राजप्रार्थनागृह, कप्पेल्ला पालातीना. तिकीट काढले तर दिवसाचे जवळजवळ सगळे पैसे संपणार. ती खिडकीसमोरून दोनदा मागे फिरली आणि तिसऱ्यांदा तिने तिकीट काढले.

राजवाड्यात आज सिसिलीची विधानसभा भरते. प्रार्थनागृहाजवळच्या भिंतीत ११४२ चा एक शिलालेख आहे. रॉजरने करवलेल्या जलघटिकेची स्तुती लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत केली आहे आणि प्रत्येक भाषेने आपापला सन घातला आहे: ख्रिस्ती ११४२, ग्रीकांची सृष्टिगणना ६६५०, हिजरी ५३६. पर्यटक तिथे थांबत नाहीत. ती पंधरा मिनिटे थांबली. एकाच दगडावर तीन काळ. आपल्या हिशेबाने शके १०६३-६४, असे तिने वहीत चौथे उत्तर लिहिले.

आतल्या सोनेरी मोझेइकांबद्दल सगळेच लिहितात. तिची नजर लागली ती लाकडी छताला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, खाली लोंबणारे कोनाड्यांचे ते छत इस्लामी शैलीतले आहे, आणि त्यावर वादक, नर्तकी, पेले धरलेले पुरुष, उंट, कूफी अक्षरे रंगवली आहेत. ख्रिस्ती राजाच्या देवघरात मद्यपानाची चित्रे! जमिनीवरून ती नीट दिसत नाहीत. फोनचा कॅमेरा ताणून, हात थरथरू न देता, एकेक कोनाडा शोधावा लागतो. एका ठिकाणी दोघे जण पट मांडून बसले आहेत. ते बुद्धिबळ आहे, बाराव्या शतकातले. चतुरंग, शतरंज आणि हे छत. युरोपातल्या बुद्धिबळाच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी हे एक मानले जाते.

इथे ‘सर्वधर्म सुखाने नांदत होते’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरावा. ११८४ च्या नाताळात इब्न जुबैर पालेर्मोत होता. मुसलमान स्त्रियांसारखी वस्त्रे, बुरखे, मेंदी ल्यालेल्या ख्रिस्ती स्त्रिया चर्चला जाताना त्याने पाहिल्या. पण आपल्या धर्मबांधवांच्या मनातली भीतीही त्याने लिहून ठेवली. पाच वर्षांनी विल्यम दुसरा वारला आणि पालेर्मोत मुसलमानांवर हल्ले झाले. पुढे फ्रेडरिकने सिसिलीतल्या मुसलमानांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेराला नेऊन वसवले. अरबी अक्षरे छतावर राहिली, ती वाचणारे गेले.

राजवाड्यासमोर व्हिला बोनान्नो नावाची ताडांची बाग आहे. बाकावर बसून तिने उरलेले पानेल्ले काढले आणि फोनमधला एक जुना ग्रंथ उघडला. हिंदुस्थानविषयीच्या अरबी वर्णनांचा, एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी अनुवाद. तिला ‘बल्हरा’च्या नोंदी एकदा शेवटच्या चाळायच्या होत्या. त्या चाळताना ती अल-इद्रीसीपाशी आली.

अल-इद्रीसी रॉजरच्या दरबारी होता. याच राजवाड्यात त्या काळी उठबस असलेला. राजाच्या सांगण्यावरून त्याने पंधरा वर्षे खपून जगाचे वर्णन लिहिले, नकाशे काढले (दक्षिण वर, उत्तर खाली), चांदीच्या तबकडीवर पृथ्वी कोरवली. ग्रंथ जानेवारी ११५४ मध्ये पुरा झाला. पुढच्याच महिन्यात रॉजर वारला. इद्रीसी हिंदुस्थानात कधी आला नाही. जुने ग्रंथ आणि व्यापाऱ्यांचे सांगणे यांवर त्याने काम केले, त्यामुळे राष्ट्रकूट जाऊन पावणेदोनशे वर्षे झाली तरी त्याच्या ग्रंथात ‘बल्हरा’ हिंदचा थोर राजा म्हणून आहेच. नाव एकदा पुस्तकात शिरले की त्याला माणसाची गरज उरत नाही.

आणि त्याच ग्रंथात पुढे ‘सुबारा’. समुद्रापासून दीड मैलावर, दाट वस्तीचे, गजबजलेले गाव. हिंदच्या व्यापारपेठांपैकी एक. तिथे मोती काढतात.

सुबारा म्हणजे सोपारा. ज्या गावच्या स्तूपावरून ती लहानपणी शाळेची सहल म्हणून गेली होती, जिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले, जिथल्या स्टेशनवर सकाळची लोकल पकडताना जीव मुठीत धरावा लागतो, ते. तिकडे उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य चालू असताना, ती बसली होती त्या बाकापासून फार तर दोनशे पावलांवरच्या दरबारात कुणीतरी ते नाव कागदावर लिहिले होते. ही व्युत्पत्ती नव्हती. हे लिखित होते, साल-महिन्यासकट.

खालीच ‘ताना’, म्हणजे ठाणे. जवळच्या डोंगरांत वेळू आणि ‘तबाशीर’ होते, ते पूर्वेला-पश्चिमेला जाते, असे इद्रीसी सांगतो. तबाशीर म्हणजे आपले वंशलोचन. आणि मग, सावध व्यापाऱ्याच्या थाटात, तो बजावतो की हस्तिदंताची राख मिसळून त्यात भेसळ करतात.

तिने गटासाठीचा मजकूर नव्याने लिहायला घेतला. बल्लारोच्या दोन्ही व्युत्पत्ती, गावाची आधी. मग सोपारा. ‘मराठी सम्राट’ हे शब्द कुठेच नाहीत. गटात कुणाकुणाचा हिरमोड होईल, कोण काय म्हणेल, हे तिला नावानिशी माहीत होते. तरी तिने तो धाडला, बाजाराच्या पाटीचे छायाचित्र शेवटी जोडून.

उत्तरे यायच्या आत तिने घरी फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. बाबांना सोपाऱ्याचे ऐकून बरे वाटले, पण त्यांनी जास्त चौकशी केली ती वंशलोचनाची, कारण आजीच्या खोकल्यासाठी ते घरी सितोपलादी करत.

“राख मिसळायचे म्हणतोस?” ते म्हणाले. “कधी लिहिलेय हे?”

“अकराशे चौपन्न.”

“मग बरोबर. अजून खरे मिळत नाही.”